वर्षातून दोन इंजेक्शन्स आणि कोलेस्टेरॉल खाली? आरएनए औषध नेमकं काय करतं ते समजून घेऊया

"वर्षातून फक्त दोन इंजेक्शन्स घ्या आणि गोळ्या विसरा" अशी रील तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेली असेल. तिच्या मागोमाग दुसरा मेसेज येतो: "आरएनएचं इंजेक्शन घेऊ नका, डीएनए बदलतो." पहिल्यात अर्धं सत्य आहे, दुसऱ्यात तेवढंही नाही. चला, दोन्ही नीट पाहूया.

आरएनए म्हणजे काय?

जमिनीचं मूळ दप्तर सरकारी कार्यालयात असतं आणि आपल्या हातात येतो तो सातबाऱ्याचा उतारा. पेशीतही तसंच आहे. डीएनए हे मूळ दप्तर. पेशीला एखादं प्रोटीन बनवायचं असेल, तर त्या पानापुरता उतारा निघतो. तो उतारा म्हणजे मेसेंजर आरएनए. काम झालं की पेशी तो मोडून टाकते.

औषध बनवणारे हा उतारा दोन प्रकारे वापरतात. एक, बाहेरून नवा उतारा आत पाठवायचा. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीची कोरोनाची एमआरएनए लस अशीच होती. तिला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. दोन, शरीरातलाच एखादा नको असलेला उतारा शोधून फाडायचा. या दुसऱ्या प्रकाराला आरएनए इंटरफेरन्स म्हणतात. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये छोट्या कृमींवर प्रयोग करून तो उलगडला आणि २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

दोन्ही प्रकारांत मूळ दप्तराला कुणी हात लावत नाही. म्हणूनच असर हळूहळू उतरतो आणि डोस पुन्हा घ्यावा लागतो. डीएनए बदलला असता, तर दर सहा महिन्यांनी इंजेक्शन कशाला लागलं असतं?

घंटागाडी आणि भंगारवाला

रीलमधल्या औषधाचं नाव इन्क्लिसिरान. ते काय करतं, बघा. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उचलणारे रिसेप्टर असतात. त्यांना आपल्या नाशिकची घंटागाडी समजा: कचरा उचलायचा, आत टाकायचा, पुन्हा फेरीला निघायचं. पीसीएसके९ नावाचं प्रोटीन मात्र या गाड्या भंगारात काढतं. गाड्या कमी झाल्या की रक्तात कचरा साचतो.

इन्क्लिसिरान या पीसीएसके९ चा उतारा फाडतं. भंगारवालाच कमी झाला, की गाड्या जास्त दिवस फिरतात. औषधाला एक खास साखर जोडलेली असते. ती पिनकोडसारखी काम करते, त्यामुळे औषध बहुतेक करून यकृतातच पोचतं. पहिला डोस, मग तीन महिन्यांनी दुसरा आणि पुढे दर सहा महिन्यांनी एक. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत एलडीएल साधारण निम्म्यावर आलं. त्याच वर्षी युरोपने आणि २०२१ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली. आता ते भारतातही मिळतं, पण महाग आहे. बहुतेकांना ते गोळ्यांच्या जोडीला देतात, गोळ्यांच्या जागी नाही.

मग मेटाबॉलिक सिंड्रोम बरा होतो का?

खरी गडबड इथेच होते. माझा मामा त्र्यंबकच्या बाजारात दुकान चालवतो. अंगाने सडपातळ, श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी आरामात पूर्ण करतो. त्याने रील पाठवून विचारलं, "गोळ्या बंद करून हेच घेऊ का रे?" मी म्हटलं, "मामा, आधी रिपोर्ट पाठव."

मेटाबॉलिक सिंड्रोम हा एक आजार नाही. डॉक्टर पाच गोष्टी बघतात:

• कंबर: भारतीय पुरुषांत ९० सेंटीमीटर किंवा जास्त, स्त्रियांत ८० किंवा जास्त
• ट्रायग्लिसराइड: १५० किंवा जास्त
• चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल: पुरुषांत ४० पेक्षा कमी, स्त्रियांत ५० पेक्षा कमी
• रक्तदाब: १३०/८५ किंवा जास्त
• उपाशीपोटी साखर: १०० किंवा जास्त

पाचपैकी तीन जुळल्या की सिंड्रोम. मामाच्या तीन जुळल्या: कंबर, ट्रायग्लिसराइड आणि साखर. आता यादी पुन्हा वाचा. त्यात एलडीएल कुठेच नाही! म्हणजे रीलमधलं इंजेक्शन ज्यावर काम करतं, ती गोष्ट या पाचांत मोजलीच जात नाही. हृदयासाठी एलडीएल महत्त्वाचं आहेच, पण मामाची साखर आणि कंबर त्याने कमी होणार नाही.

आरएनए औषध एका वेळी एकच उतारा फाडतं. ट्रायग्लिसराइडसाठी ओलेझार्सेनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी मिळाली, तीही एका दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी. रक्तदाबासाठी झिलेबेसिरानच्या चाचण्या झाल्या आहेत. पाचही नळ एकदम बंद करणारं इंजेक्शन नाही.

"पण मी तर बारीक आहे!"

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वरून बारीक, आतून चरबी: आपल्याकडे असं खूप दिसतं. त्यामुळे वजनकाट्यावर किंवा आरशावर विसंबू नका.

शिंप्याकडची टेप घ्या, श्वास सोडून कंबर मोजा. आकडा वर असेल तर साखर, लिपिड प्रोफाइल आणि रक्तदाब तपासून घ्या. घरातल्या मोठ्यांचे रिपोर्टही बघा आणि रील पाहून कुणी गोळ्या बंद करत असेल, तर आधी डॉक्टरांना फोन लावायला सांगा. तुमच्या ग्रुपवर असा कुठला मेसेज फिरतोय? कमेंटमध्ये नक्की कळवा.