घरी पिठाची गिरणी घालण्यापूर्वी

सालेकसा तालुक्यातील दरेकशासारख्या गावी धानाचा हंगाम उरकल्यावर पडवीत पिठाची गिरणी घालावी, असा विचार शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. विचार चांगला, परंतु यंत्र घेण्यापूर्वी घर कोणत्या जागेवर उभे आहे, हे पाहावे. गावठाणात नवे बांधकाम करावयाचे असल्यास महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 अन्वये पंचायतीची पूर्वपरवानगी लागते. घर शेताच्या गटात असल्यास अकृषिक वापराचा प्रश्न येतो. त्याविषयीचे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत. तलाठ्यांकडून चालू नियम समजून घ्यावा.

खरी फसगत होते ती विजेच्या बाबतीत. घरगुती जोडणीवर धंद्याची गिरणी चालविणे हा विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 126 प्रमाणे अनधिकृत वापर ठरतो. आकारणी लागू दराच्या दुपटीने होते, आणि असा वापर केव्हापासून चालू आहे हे ठरविता न आल्यास मागील 12 महिन्यांची धरली जाते. वर्षाची सारी मिळकत त्यात बुडावयाची! म्हणून मोटार किती अश्वशक्तीची आहे हे नमूद करून वेगळ्या जोडणीचा अर्ज आधी करावा.

यंत्र शेजाऱ्याच्या भिंतीस लागून बसवू नये. धुरळा व आवाज यांवरून तक्रारी उद्भवतात. अर्ज लिहून देण्यापूर्वी ग्रामकार्यकर्त्याने अर्जदाराबरोबर जाऊन जागा स्वतः पाहावी.