क्वासारांभोवतीचा उजेड आणि खराडीचे दिवे

खराडीत राहणाऱ्याने विश्वाच्या कडेवरील अंधुक उजेडाविषयी लिहावे, ही संपादकांची सूचना प्रथमदर्शनी थट्टेचीच वाटली. कारण मुळा-मुठेच्या काठच्या ज्या गावात आता काचेच्या इमारती रात्रभर जागत असतात, तेथील गच्चीवर शुक्र-गुरूसारख्या ठळक मंडळींखेरीज आकाशातले फारसे कोणी हजेरी लावीत नाही. तथापि विषय पुण्याचाच होता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या आवारात, ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था नांदते आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली स्थापन केलेल्या आणि जयंत नारळीकरांनी संचालक या नात्याने उभ्या केलेल्या या संस्थेचा दप्तरी इतिहास सर्वश्रुत आहे. मात्र त्यातील एक बाब मला विशेष लक्षणीय वाटते. क्वासारांची ताम्रसृती, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचे तांबड्याकडे सरकणे, हे सर्वत्र त्यांच्या अंतराचेच माप मानावे काय, याविषयी नारळीकर दीर्घकाळ साशंक होते. आणि ते अंतर गृहीत धरूनच चालणारे आर. श्रीआनंद यांच्यासारख्यांचे क्वासार-संशोधन त्याच छपराखाली बहरले. संस्थापकाच्या शंकेला वारसाहक्काने सिद्धान्ताचे स्थान मिळाले नाही, हीच या संस्थेची खरी सनद म्हटली पाहिजे.

१९६३ साली मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या बिंदूच्या वर्णपटातील अनोळखी रेषा म्हणजे हायड्रोजनच्याच, पण तांबड्याकडे सरकलेल्या रेषा असल्याचे ओळखले, तेव्हापासून क्वासार हे दूरस्थ दीर्घिकांचे प्रखर गाभे ठरले. गाभ्यातील महाकाय कृष्णविवराकडे ओढल्या जाणाऱ्या द्रव्याच्या तेजाने आसमंतातील हायड्रोजनचे अणू फुटतात आणि पुन्हा सांधले जाताना १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा लायमन-आल्फा प्रकाश सोडतात. हा अतिनील प्रकाश आपले वातावरण आत येऊ देत नाही. परंतु ताम्रसृती ३ असलेल्या क्वासारापासून निघालेल्या त्याच प्रकाशाची तरंगलांबी विश्वाच्या प्रसरणाने चौपट होते, आणि तो ४८६ नॅनोमीटरचा, निळसर-हिरवा होऊन दुर्बिणीच्या हाती लागतो.

माझे मन मात्र गुंतले ते एका फटीत. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, गिरवलीच्या डोंगरावर २००६ साली सुरू झालेल्या आयुकेच्या २ मीटर व्यासाच्या दुर्बिणीच्या बुडाशी वर्णपटमापक बसविलेला आहे. त्यात एक-दीड विकला रुंदीची फट आकाशाचा एक बारीक पट्टा तेवढा निवडते, आणि पुढचा ग्रिझम, म्हणजे लोलक व जाळी यांचा संयोग, त्या पट्ट्यातील प्रकाशाचे रंग वेगळे पसरतो. अशा प्रतिमेत एका दिशेला स्थळ व दुसऱ्या दिशेला रंग असतो. क्वासार तीत एका उजळ रेघेच्या रूपाने आडवा जातो, आणि नेमक्या लायमन-आल्फाच्या ठिकाणी त्या रेघेच्या दोन्ही अंगांना प्रकाश पाझरलेला दिसला, तर भोवतालचा वायू उजळला आहे असे मानावयाचे. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही. अस्थिर हवेमुळे बिंदूही पसरट दिसतो. म्हणून शेजारच्या रंगांत ही रेघ किती जाड आहे ते मोजून, तेवढा वाटा वजा करून, जे उरेल तेच वायूच्या खात्यावर जमा करावयाचे, असा हा सावध हिशेब आहे.

गिरवलीच्या दुर्बिणीतून क्वासारांतून वेगाने बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूच्या शोषणरेषा वर्षानुवर्षे कशा पालटतात याचा मागोवा घेतला गेला. परंतु भोवतालच्या उजेडासाठी मोठा आरसा हवा. म्हणून दक्षिण आफ्रिकेतील सदरलँडच्या ‘सॉल्ट’ या महादुर्बिणीतील आयुकेची भागीदारी मोलाची ठरते. एम१५१३-२५२४ या रेडिओ-स्रोताभोवतीचे विस्तीर्ण लायमन-आल्फा प्रभामंडल तिच्याच साहाय्याने उमगले. चिलीतील ‘म्यूझ’ या उपकरणाने तर फटीचेच बंधन झुगारले: ते प्रतिमेच्या प्रत्येक ठिपक्याचा वर्णपट एकाच वेळी घेते, आणि २०१६ साली त्याने तपासलेल्या १७ तेजस्वी, रेडिओ-शांत क्वासारांपैकी प्रत्येकाभोवती तीन लाख प्रकाशवर्षांहून विस्तीर्ण उजेड सापडला.

आता अडचणींकडे वळतो, कारण चिंता तेथेच आहे. गिरवलीचा पावसाळा निरीक्षणाचे चार महिने गिळतो. ते एक वेळ सोसता येते. परंतु या प्रभामंडलांच्या कडेचा उजेड निसर्गतः काळ्या आकाशाच्या स्वतःच्या प्रकाशाच्याही शंभराव्या हिश्श्याइतकाच असतो, आणि माणसाच्या दिव्यांची भर पडली की तो हिस्सा आणखी घटतो. जुने सोडियमचे दिवे त्यातल्या त्यात सभ्य होते. त्यांचा मुख्य उपद्रव ५८९ नॅनोमीटरच्या आसपास पिवळ्यातच एकवटलेला असे, आणि निळ्याचा मुलूख बराचसा मोकळा राही. गेल्या दशकात रस्तोरस्ती आलेल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाश मात्र सर्व रंगांत पसरतो, आणि त्यांचे निळे शिखर ४५० नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणजे ताम्रसृती २.७ असलेल्या क्वासाराचा लायमन-आल्फा जेथे पडतो, नेमके तेथेच. रेषा असती तर ती ओळखून टाळता आली असती. सर्वत्र पसरलेला उजेड वजा केला तरी त्याने आणलेली अनिश्चितता मागे राहतेच.

दूरच्या खंडांतील दुर्बिणींवर वेळ मिळविणे हा उपाय खरा. पण तेथील प्रत्येक रात्रीला अनेक दावेदार असतात, आणि विद्यार्थ्याला रात्रीमागून रात्री यंत्राशी झटण्याची सवय लागते ती घराजवळच्या दुर्बिणीवरच. त्यासाठी शहर अंधारात लोटण्याची गरज नाही. दिव्यांना वरून आच्छादन, पिवळसर छटा आणि मध्यरात्रीनंतर मंद प्रकाश एवढा बंदोबस्त पुरेसा उपयोगी ठरेल. ही तजवीज मात्र कोणत्याही खगोलशास्त्रज्ञाच्या हाती नाही. ती पालिकांच्या विद्युत खात्यांनी आणि आमच्यासारख्या गच्चीवर लखलखाट करणाऱ्या सोसायट्यांनी करावयाची आहे.