खुब्याचा सांधा बदलल्यावर श्रमांचे मान

पेरलेले बी रुजले की नाही हे पाहण्याकरिता रोज सरी उकरणारा शेतकरी आमच्या पाहण्यात नाही. परंतु खुब्याचा सांधा बदलून घेतलेला शेतकरी मात्र तिसऱ्या आठवड्यातच काठी बाजूस ठेवून पाहतो व पाचव्या आठवड्यात बांधावर जातो. आमच्या संस्थेच्या एका सभासदांनी असेच केले. दुखणे राहिले नव्हते, उसास पाण्याची पाळी रात्रीची होती, आणि मुलाच्या हातून दारे नीट धरली जात नाहीत असा त्यांचा समज. ओल्या वरंब्यावर पाय घसरला, खाली बसता बसता गुडघा आत वळला आणि नवा सांधा निखळला. भूल देऊन तो पुन्हा बसवावा लागला, व संपत आलेले सहा आठवडे पहिल्यापासून मोजावे लागले. ही चूक उद्योगी माणसाची आहे. म्हणूनच ती आमच्या पुष्कळ वाचकांकडून होण्याजोगी आहे, व तिजविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हास अगत्याचे वाटते.

खुबा म्हणजे कमरेच्या हाडातील वाटी व तीत फिरणारे मांडीच्या हाडाचे गोल डोके. झीज होऊन, रक्तपुरवठा तुटून किंवा पडल्यामुळे हाड मोडून हा सांधा निकामी झाला म्हणजे शल्यवैद्य ते डोके काढून त्या जागी दांड्यासह कृत्रिम गोळा व कमरेच्या हाडात नवी वाटी बसवितात. इंग्लंडमधील रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी १९६२ साली धातूचा लहान गोळा व टणक पॉलिथिलीनची वाटी यांची जी जोडणी केली, तिच्याच सुधारलेल्या आवृत्त्या आज वापरात आहेत. असा सांधा किती टिकतो, याचा नोंदींवरून काढलेला हिशेब २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे शंभरांपैकी सुमारे ५८ सांधे २५ वर्षे टिकतात. तेव्हा प्रारंभीच्या तीन महिन्यांचा संयम हा पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या चालण्याकरिता आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. झिजलेल्या सांध्याची जुनी वेदना शस्त्रक्रियेबरोबरच बहुतेक नाहीशी होते. जखमेची वेदनाही काही आठवड्यांत ओसरते. परंतु शरीराची दुरुस्ती इतक्या त्वरेने होत नाही. वरची कातडी साधारण दोन आठवड्यांत मिळून येते. सांध्याभोवतीचे वेष्टन व स्नायू घट्ट होण्यास सहा ते बारा आठवडे लागतात. सिमेंटवाचून बसविलेल्या सांध्यात हाड वाढून तो पक्का होण्यासही तितकाच काळ जातो. पायास पूर्वीची ताकद येण्यास सहा महिने, कित्येकांस वर्षही लागते. म्हणजे दुखणे आधी जाते व बळ मागाहून येते. या दोहोंच्या मधला काळ हाच धोक्याचा काळ होय. त्या काळात 'दुखत नाही, म्हणून चालेल' हा न्याय लावू नये.

यावरून कोणी अंथरुणास खिळून राहील, तर तेही तितकेच अपायकारक आहे. पडून राहिल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचे भय वाढते व स्नायू सुकतात. म्हणूनच हल्ली त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रोग्यास वॉकर धरून उभे करतात. पडल्या पडल्या पावले वर-खाली हलविण्याचा व्यायाम दर तासास करावा, आणि रक्त पातळ ठेवण्याचे औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत एकही दिवस न चुकवता घ्यावे. वॉकरवरून काठीवर व काठीवरून मोकळे कधी चालावे, हे शल्यवैद्य ठरवितील. पुष्कळांस या पायऱ्या उतरण्यास सहा आठवडे किंवा अधिक लागतात. काठी शस्त्रक्रिया न झालेल्या बाजूच्या हातात धरावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी टाकावा.

श्रम कसे वाढवावेत, याची एक सोपी रीत आम्ही सुचवितो. चालण्याचे माप वेदनेवर किंवा उत्साहावर न ठेवता घड्याळावर ठेवावे. प्रथम पाच-पाच मिनिटे, परंतु दिवसातून चार-पाच वेळा चालावे. एकदाच तासभर चालू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पायाची सूज व ठणका आदल्या सकाळइतकाच असेल, तर दोन-तीन दिवसांनी प्रत्येक वेळेस एक-दोन मिनिटे वाढवावी. सकाळी सूज किंवा ठणका वाढलेला दिसला, तर आधीच्या मापावर परत यावे व दोन दिवस तेथेच राहावे. अंतर आणि कठीणपणा एकाच वेळी वाढवू नये: अंगणातून पारापर्यंतचे चालणे वाढविले, त्या आठवड्यात जिन्याच्या फेऱ्या वाढवू नयेत. दुपारी पाय उंच ठेवून तासभर पडावे. ज्या दिवशी फार बरे वाटते त्या दिवशी ठरलेल्या मापावर थांबणे सर्वांत कठीण. आणि तेच सर्वांत अगत्याचे.

पहिले सहा ते बारा आठवडे बैठक सांभाळावी. उकिडवे बसणे, मांडी घालणे, पायावर पाय टाकणे, खाली पडलेली वस्तू वाकून उचलणे व पाय आत वळविणे ही टाळावीत. जेवण खुर्चीवर घ्यावे, शौचास उंच बैठक ठेवावी, निजताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. शस्त्रक्रिया पुढून झाली की मागून, यावर हे निर्बंध कमी-अधिक होतात. म्हणून शेजाऱ्याचे नियम आपणास लावू नयेत, आपल्या शल्यवैद्यास विचारावे. शेतीच्या कामांत धार काढणे व खुरपणी ही उकिडव्या बैठकीची कामे, आणि पाठीवरच्या फवारणी पंपाचे काम ही सर्वांत मागाहून घ्यावीत. सोळा लिटरचा पंप भरला म्हणजे त्याचे ओझे वीस किलोच्या घरात जाते, हे कित्येकांच्या लक्षात येत नाही. ट्रॅक्टरवर चढणे, गोठ्यातील निसरडी फरशी व रात्रीचे पाणी यांस तीन महिन्यांपूर्वी हात घालू नये, व नंतरही परवानगी घेऊनच घालावा.

पोटरी दुखून सुजणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे, जखमेतून पाणी वा पू येणे, ताप येणे, अकस्मात पाय आखूड झाल्यासारखा दिसून टेकता न येणे, यांपैकी काहीही घडल्यास घरगुती लेप लावीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

शस्त्रक्रियेचा दिवस आपल्या हातचा असेल, तर तो हंगाम पाहून ठरवावा. संक्रांतीच्या सुमारास शस्त्रक्रिया झाली तर मृगापर्यंत सुमारे वीस आठवडे मिळतात, व त्यांतील बहुतेक कोरड्या वाटेचे असतात. वैशाखात झाली तर चिखल सुरू होतो तेव्हा रोगी अजून काठीवरच असतो. आधी पायांच्या चिखल्या, भेगा व किडके दात बरे करून घ्यावेत, कारण तेथून जंतू नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. मधुमेह ताब्यात आणावा. विडी-तंबाखू सोडावी, कारण तिने जखम भरण्यास विलंब लागतो.

शेवटी एक गोष्ट घरच्या मंडळींस व आमच्या संस्थेच्या सभासदांस सांगावयाची आहे. पुरुष शेतावर लवकर जातो, तशी घरची बाई चुलीपुढे लवकर बसते. आपण बसून खातो, सून एकटी राबते, हा विचार तिला स्वस्थ बसू देत नाही. तिला ओट्याजवळ उंच बैठक करून द्यावी व निवडण्या-सोलण्याचे काम हाती द्यावे, म्हणजे मनही रमते व सांधाही राहतो. अल्पभूधारकास तर तीन महिन्यांची मजुरी परवडत नाही, म्हणून तो उठतो. त्यास नुसता उपदेश करून काय उपयोग? आपल्याकडे सावडीची रीत जुनी आहे. ज्या सभासदाची शस्त्रक्रिया ठरली असेल, त्याच्या पाण्याच्या पाळ्या व एक खुरपणी शेजाऱ्यांनी आधीच वाटून घ्यावी. पुढच्या हंगामात तो आपल्या पायांनी चालत येऊन ती फेडील. आमच्या वरील सभासदांच्या रात्रीच्या पाळीस त्या दिवशी एक शेजारी गेला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारणच पडले नसते.