झाडानं सांगितलेलं वय

दोस्तांनो, झाडाचं वय कसं मोजतात ठाऊक आहे ना? बुंध्याच्या आडव्या छेदातली वर्तुळं मोजायची. वर्षाला एक वर्तुळ! १७८८ साली मनासे कटलर नावाच्या गृहस्थांनी असंच एक तोडलेलं झाड मोजलं. वर्तुळं भरली ४६३!

हे झाड होतं अमेरिकेतल्या आजच्या ओहायो राज्यात, मॅरिएटा गावी. आपल्या कऱ्हाडला कृष्णा-कोयना भेटतात, तशा इथे मस्किंगम आणि ओहायो या नद्या भेटतात. ७ एप्रिल १७८८ रोजी रुफस पुटनम यांच्यासोबतची ४८ माणसं नावेतून या संगमावर उतरली आणि गाव वसलं. स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने मदत केली होती, म्हणून तिथल्या राणीचं, मारी आंत्वानेतचं नाव गावाला दिलं. पुटनम यांचं लाकडी घर आजही आहे, आणि तेही चक्क संग्रहालयाच्या छपराखाली. घराभोवती दुसरं घर!

गावात जागोजागी इतिहासाचे फलक आहेत. नदीलाही तिची गोष्ट आहे. १७८७ च्या कायद्याने ओहायोच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी होती, पलीकडच्या व्हर्जिनियात मात्र ती चालू होती. त्यामुळे कित्येक गुलाम जीव मुठीत धरून ही नदी ओलांडत.

पण मग या जागेवरची पहिली माणसं कोण? पुटनम आणि मंडळी? छे! ते ४६३ वर्तुळांचं झाड मातीच्या एका जुन्या बांधावर उगवलं होतं. म्हणजे बांध त्याहूनही जुना! गावात सुमारे ३० फूट उंचीची मातीची एक टेकडीही आहे. अभ्यासक म्हणतात, ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या ॲडिना लोकांनी रचली. बरं, 'ॲडिना' हे नावही अभ्यासकांनीच दिलेलं. ती माणसं स्वतःला काय म्हणत, ते कुणालाच माहीत नाही.

नव्या वसाहतवाल्यांनी एक शहाणपणा केला. या जागा त्यांनी सार्वजनिक म्हणून राखून ठेवल्या. १८०१ मध्ये टेकडीभोवती दफनभूमी झाली, म्हणून टेकडी वाचली. पण नदीकडे जाणाऱ्या एका प्राचीन रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे उंच बांध मात्र गेले. पुढे लोकांनी ती माती खणून विटा पाडल्या! तिथे आज रस्ता आहे, बांध नाहीत.

आणि १७८८ मध्ये या मुलखात राहणारे शॉनी, डेलावेअर लोक? त्यांनी लढे दिले, पण १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहात ओहायोतली बहुतेक जमीन त्यांच्या हातून गेली.

फलकावर 'पहिले' असा शब्द दिसला, की म्हणूनच विचारायचं, 'कुणातले पहिले?' आपल्या गावाच्या वेशीवरही एखादी वीरगळ शेंदूर फासून उभी असेल. या सुट्टीत आजी-आजोबांना विचारा, ती कुणाची? सांगतील ते वहीत टिपून ठेवा बरं का! आपल्या दगडांना काही वर्तुळं नसतात.