डाळ न शिजणारे पाणी आणि आफ्रिकेचे मासे



हौसेने काचेची पेटी घरी आणावी, तीत रंगीत मासे सोडावेत आणि पंधरा दिवसांत ते एकेक करून मरावेत, असे पुष्कळ घरांत घडते. मग दोष पाण्याला दिला जातो. आपल्या जिल्ह्यातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते, हे खरेच आहे. पण जड पाणी सर्वच माशांना वावडे नसते. माशासाठी पाणी बदलत बसण्यापेक्षा पाणी पाहून मासा निवडावा, हे शहाणपणाचे.

आपली जमीन काळ्या बेसाल्ट खडकाची. त्याच्या भेगांतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार घेऊन येते. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि भांड्याच्या तळाशी पांढरे किटण धरते. शास्त्रात याला दुष्फेन पाणी म्हणतात. ते बहुधा किंचित अल्कधर्मीही असते.

आता आफ्रिकेकडे वळू. तेथील टांगानिका सरोवर सुमारे १,४७० मीटर खोल आहे. त्याचेही पाणी दुष्फेन असून त्याचा पीएच ९ च्या आसपास असतो. त्यात सिक्लिड कुळातील अनेक मासे राहतात. त्यांपैकी निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस हा जेमतेम दीड-दोन इंचांचा मासा गोगलगाईंच्या रिकाम्या शंखांत बिऱ्हाड थाटतो. तो तोंडाने वाळू उपसून शंख नीट बसवून घेतो. मादी शंखातच अंडी घालते आणि पुढे थोरली-धाकटी पिल्ले एकाच वाडीत नांदतात.

या माशांसाठी दोन फूट लांब आणि फूटभर रुंद व उंच पेटी पुरते. तीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. तेव्हा खालचे टेबल भक्कम हवे. तळाशी दोन इंच बारीक, धुतलेली वाळू घालावी आणि माशांच्या संख्येहून अधिक रिकामे शंख ठेवावेत. तळ्याकाठी सापडणारे शंख उकळून, स्वच्छ धुऊन घेतले तरी चालतात.

मात्र पाणी जुळले म्हणजे काम संपले असे नव्हे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निर्माण होतो, आणि पाणी जितके अल्कधर्मी तितका तो अधिक विषारी ठरतो. गाळणीत वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. हे जिवाणू रुजण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पेटी भरताच मासे सोडल्याने ते मरतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. पुढे दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. खरे औषध हेच.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन उघड्या भांड्यात दिवसभर ठेवल्याने बरेचसे निघून जाते. बोअरचे पाणीही हवा खेळवून मगच वापरावे. उसाच्या पट्ट्यातील विहिरींत खतांचे नायट्रेट उतरलेले असू शकते. तेथील पाणी तपासून घेणे बरे. उन्हाळ्यात पाणी आटते, पण क्षार मागे राहतात. म्हणून नुसती भर न घालता थोडे जुने पाणी काढूनच नवे घालावे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. तेव्हा हवेचा पंप चालू हवा. हिवाळ्याच्या थंड रात्री पाणी २४ अंशांखाली जाऊ नये म्हणून हीटर लावावा.

आता शेवटचा आणि महत्त्वाचा मुद्दा. हे मासे वाढतात. जागा पुरेनाशी झाली की ‘बिचाऱ्यांना मोकळे करू’ असे वाटते आणि मासे नदीत किंवा विहिरीत सोडले जातात. त्यापूर्वी चिलापीचा इतिहास आठवावा. तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, हीदेखील आफ्रिकेतील आणि याच सिक्लिड कुळातील. १९५२ साली ती भारतात आणली गेली. देशी माशांना तिचा उपद्रव होईल या भीतीने १९५९ साली तिच्या प्रसारावर बंदी घालण्यात आली. तोवर उशीर झाला होता. भीमेवरील उजनी जलाशयात आज चिलापी उदंड आहे. कोळ्याच्या जाळ्यात ती भरपूर येते आणि बाजारात तिला गिऱ्हाईकही आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण एकदा पसरलेला मासा परत बोलावता येत नाही.

शंखात राहणारा दीड इंचाचा मासा चिलापीसारखा पसरेलच असे नाही. पण तो पसरणार नाही याची हमी कोण देणार? म्हणून जादा पिल्ले दुसऱ्या हौशी माणसाला द्यावीत किंवा दुकानदाराला परत करावीत. सीना, मुळा, प्रवरा यांना आपापले मासे आहेत. पाहुण्याला घरात जागा दिली, तर त्याची जबाबदारीही घरानेच वाहावी. ती नदीवर टाकू नये.