देशी पशुधन – लेखांक ६ : जात टिकते बोकडावर

२०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. त्यांतल्या बऱ्याच कोणत्याही एका जातीत न बसणाऱ्या, म्हणजे गावठी. राज्याच्या नोंदणीकृत जाती चार: मराठवाड्यातली उस्मानाबादी, नगर-नाशिक-पुणे पट्ट्यातली संगमनेरी, विदर्भातली बेरारी आणि सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ. (जिल्हा धाराशिव झाला, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली.) बहुतांशी काळी असलेली उस्मानाबादी कोरड्या मुलखात झाडपाल्यावर तगते आणि जुळी करडे देण्यात तिचा लौकिक आहे. कोकण कन्याळ मुसळधार पावसात आणि दमट हवेत निभावून नेते. हे गुण पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून आलेले असल्याने बाहेरून आणलेल्या जातीत ते आयते मिळत नाहीत.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती करडाला मिळतात. एक आईकडून, एक बापाकडून. कळपात जनुकांची जितकी वेगवेगळी रूपे, तितकी जनुकीय विविधता अधिक. नवा रोग आला किंवा हवामान बदलले, तर तग धरणारी जनावरे याच साठ्यातून निघतात. नात्यातल्या नात्यात पैदास, म्हणजेच अंतःप्रजनन, झाली, की दोन्ही प्रती सारख्या होत जातात, दडलेले दोष वर येतात, करडे अशक्त निपजतात आणि मरतूक वाढते.

नुकसान किती वेगाने होते, हे नर-मादीच्या प्रमाणावर ठरते. नर आणि माद्या यांच्या संख्यांच्या गुणाकाराची चौपट करून तिला दोन्हींच्या बेरजेने भागले, की कळपाची ‘परिणामी संख्या’ मिळते. तीस शेळ्या आणि एक बोकड असेल, तर ती जेमतेम ३.९ भरते, म्हणजे पैदाशीच्या हिशेबाने एकतीस जनावरांचा हा कळप चार जनावरांइतकाच. अशा बंद कळपात एका पिढीत अंतःप्रजनन सुमारे १३ टक्क्यांनी वाढते. दुसरा बोकड ठेवला, की ही वाढ ७ टक्क्यांच्या आत येते. साधारणपणे १ टक्क्याच्या पुढची वाढ धोक्याची मानली जाते आणि ती टाळायला परिणामी संख्या किमान पन्नास लागते. एकट्या शेळीपालकाला ते शक्य नाही. गावांच्या गटाला आहे.

बाजार नेमका उलटा चालतो. झपाट्याने वाढणारा, देखणा बोकड बकरी ईदला चांगला भाव मिळवतो, म्हणून तो आधी विकला जातो. मागे उरलेला, बाजारात न खपलेला नर कळपाचा बाप होतो. निवडीची याहून वाईट रीत शोधून सापडणार नाही. शिवाय वजनाच्या आशेने परजातीचा बोकड सरसकट सोडला, तर दोन-तीन पिढ्यांत मूळ जात ओळखू येत नाही.

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोत देशी जातींची नोंदणी होते आणि गोठवलेले वीर्यही जपले जाते. तो विम्यासारखा आधार आहे. पण बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेणे जिवंत कळपातच घडते. म्हणून पैदाशीचा बोकड जुळ्यांतला, दुभत्या आईचा निवडावा, बाकीचे नर वेळीच खच्ची करावेत आणि त्याच्याच पाटी (तरुण माद्या) माजावर येण्याआधी त्याच जातीचा पण दुसऱ्या गावचा बोकड आणावा.