समासाचा सांधा आणि उच्चार

नोएडा हे नगराचे नाव १९७६ साली स्थापन झालेल्या 'न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी' या संस्थेच्या पाच आद्याक्षरांपासून बनले आहे. आद्याक्षरे एकजीव झाली. जोड कोठे आहे हे आता कानास कळत नाही. सामासिक विशेषणाचे तसे नसते. त्याच नगरातील उंच इमारतींना 'गगनचुंबी' म्हणताना दोन शब्दांमधील सांधा उच्चारात स्पष्ट उमटतो.

मराठीत शब्दाच्या अखेरचा 'अ' बहुधा उच्चारला जात नाही, आणि पुष्कळदा मधलाही गळतो. 'करमणूक' हा शब्द 'कर्‌मणूक' असा ऐकू येतो. तोच न्याय लावल्यास 'गगनचुंबी'चे 'गग्‌नचुंबी' व्हावयास हवे. परंतु समासातही 'गगन' हा शब्द आपले स्वतंत्रपण राखतो. 'अ' गळतो तो त्याच्या अखेरचा, आणि 'ग-गन्-चुं-बी' अशी विभागणी होते. 'कमलनयन' या विशेषणाचेही तसेच: 'क-मल्-न-यन्'.

'कमलनयन' हा बहुव्रीही होय. इंग्रजीतील 'ब्ल्यू-आइड' या विशेषणाची घडण त्याच जातीची आहे. त्याचा अर्थ निळा डोळा नव्हे, तर निळे डोळे असलेली व्यक्ती. पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञांनी अशा समासांसाठी बहुव्रीही हीच संस्कृत संज्ञा स्वीकारली. मात्र इंग्रजीत आघाताचे महत्त्व फार. 'वेल-नोन' हे विशेषण वाक्याच्या शेवटी आले तर मुख्य आघात 'नोन'वर पडतो; नामापूर्वी आले तर तो सहसा 'वेल'कडे सरकतो.

आघाताने येथे अर्थ पालटत नाही. वैदिक संस्कृतात मात्र स्वराने तो पालटे. पतंजलीने महाभाष्यात उल्लेखिलेला 'इंद्रशत्रु' हा शब्द प्रसिद्धच आहे. उदात्त स्वर अखेरीस असता तत्पुरुष: इंद्राचा संहारक. प्रारंभी असता बहुव्रीही: इंद्र ज्याचा संहारक आहे तो. कथेप्रमाणे यज्ञात हा स्वर चुकला, आणि इंद्राला मारण्यासाठी निर्मिलेला वृत्र स्वतःच मारला गेला!

आज हा प्रश्न यंत्रापुढे उभा आहे. लिखित मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या संगणकास 'गगनचुंबी' ही केवळ वर्णांची ओळ दिसते. मराठी लेखनात 'ब्ल्यू-आइड'प्रमाणे संयोगचिन्हही सहसा नसते. समासाचे घटक त्यास आधी ओळखता आले नाहीत, तर यंत्राच्या आवाजावर विसंबणाऱ्या दृष्टिहीन श्रोत्याच्या कानी 'गग्‌नचुंबी' पडते, आणि त्याला वाक्य पुन्हा ऐकावे लागते.